फटफट न करणारी फटफटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या बुलेटवाल्यांबरोबर सात-आठ वर्षं फिरतोय, आता इलेक्ट्रिक मोटरसायकल घ्यायचं मनात आहे. ग्रुपमधले आत्तापासूनच ‘मिक्सर घेऊन येणार का?’ म्हणून चिडवतात. त्यांच्याबरोबर कोकण, महाबळेश्वर, जमलं तर गोवा करता येईल, की ग्रुप सोडावा लागेल?

ग्रुप सोडावा लागणार नाही. चिडवतील, पण ते चार राइडमध्ये संपतं. ग्रुप तुटतो तो आवाजावरून नाही, वाट बघायला लावल्यावरून. बारा गाड्या एका गाडीसाठी दोन तास उन्हात उभ्या राहिल्या की तिसऱ्या राइडचा मेसेज तुमच्यापर्यंत येतच नाही. तेव्हा ‘लोक काय म्हणतील’ यापेक्षा ‘माझ्यामुळे कोण अडकेल’ हा हिशोब आधी करा. बाकीचं उत्तर बहुतेक त्याच हिशोबाचं आहे.

माझ्याकडे उजव्या पायात गिअर असलेली कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट आहे. ती अजून आहे आणि राहणार. त्याशिवाय तीन वर्षांपासून साधारण दहा युनिट बॅटरीची इलेक्ट्रिक आहे. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, नाहीतर निम्मे लोक जाहिरात समजतात आणि निम्मे भांडायला येतात. ग्रुपमध्ये राइड लावण्याचं काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलणी खाल्लेली आहेत.

आधी आवाजाचं. आपल्या भाषेत या वाहनाचं नावच त्याच्या आवाजावरून पडलंय. आजोबांच्या पिढीने ‘फटफटी’ म्हटलं ते कानाने ऐकून. त्यामुळे बुलेटवाल्याला आवाज नसलेली गाडी अपुरी वाटते यात त्याचा फार दोष नाही. त्याची गाडी गल्लीत शिरली की घरचे चहा टाकतात, एवढा त्या आवाजाचा संसाराशी संबंध असतो. हे समजून घ्या आणि वाद घालू नका. विशेषतः पर्यावरणावर आणि पैशांवर अजिबात बोलू नका. बुलेट कोणी पैसे वाचवायला घेतलेली नसते. टपरीवर सगळे मिसळ खात असताना ‘मला किलोमीटरला पन्नास पैसे पडतात’ असं सांगणारा माणूस लग्नाच्या पंगतीत डाएटवर बोलणाऱ्यासारखा दिसतो.

वाद अंगावर आलाच, तर बुलेटचाच इतिहास काढा. गिअर उजवीकडून डावीकडे आले तेव्हा ‘ही बुलेटच नाही’ म्हणणारे होते. सेल्फ स्टार्ट आला तेव्हा अँमीटरचा काटा मध्ये आणून, डीकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारी कळ) दाबून, एका किकमध्ये गाडी चालू करणाऱ्यांनी नाकं मुरडली होती. मी त्यातलाच एक. 2009 नंतर त्याच रॉयल एनफिल्ड कंपनीची, नव्या इंजिनाची क्लासिक आली, तेव्हा तर ‘ठोका गेला’ म्हणून सुतक पाळल्यासारखं वातावरण होतं. आज त्याच क्लासिकवाल्यांना ‘खरे बुलेटवाले’ समजतात आणि ते तुम्हाला हसतात. आणि डिझेल बुलेट आठवतेय का? 325 सीसीचं, साडेसहा हॉर्सपॉवरचं इंजिन. नव्वदच्या दशकात खेड्यापाड्यात दिसायची. हलायची इतकी, की आरसा फक्त शोभेला. पळण्याच्या बाबतीत आनंदच, पण तिच्या ॲव्हरेजचं कौतुक अजून जुने लोक करतात. तिला कोणी ग्रुपमधून काढलं नव्हतं. आज ती कोणी आणली तर सगळे तिच्याभोवती फोटो काढतील.

स्पीकरवरून इंजिनाचा आवाज काढायची सोय काही इलेक्ट्रिक गाड्यांत असते. 2019 साली आलेल्या रिव्होल्टमध्ये ॲपवरून आवाज निवडता यायचा. कोणाला आवडत असेल तर घरापासून ऑफिसपर्यंत जरूर वाजवा. बुलेटच्या ताफ्यात मात्र वाजवू नका. गाण्याच्या मैफलीत कोणी मोबाइलवर तेच गाणं लावावं, तसं ते दिसतं. तुमची गाडी गप्प आहे, तर गप्पच राहू द्या.

टॉर्कच्या बढायाही टाळा. इलेक्ट्रिकच्या पत्रकात 100 न्यूटन-मीटर आणि क्लासिक 350 च्या पत्रकात 27 बघून नवे लोक ‘चौपट ताकद’ म्हणत सुटतात. ते बरोबर नाही. बुलेटचा टॉर्क पहिल्या गिअरमध्ये कितीतरी पटींनी वाढून मागच्या चाकाला मिळतो. तुमच्या गाडीला एकच गिअर, त्यामुळे तुमची पट ठरलेली. सिग्नलवरून तुम्ही पुढे जाल हे खरंय, पण त्याचं मुख्य कारण मोटरचा जोर शून्यापासून मिळतो आणि मध्ये क्लच-गिअर नाहीत, हे आहे. गॅरेजवाल्या जाणत्या माणसासमोर आकडे फेकलेत तर तो हेच सांगून तुम्हाला गप्प करेल. एकदा मला केलंय.

आता मुख्य मुद्दा, पल्ला. कंपनी सांगते तो आकडा चाचणीतला असतो आणि त्या चाचणीत गाडी जास्तीत जास्त ताशी 42 किलोमीटरने पळते. सरासरी वेग 22 च्या आसपास. म्हणजे लक्ष्मी रोडवर संध्याकाळी चालवल्यासारखं. हायवेला तो आकडा विसरा. माझ्या गाडीचे, माझ्या वजनासकट, साधारण आकडे असे: ताशी 60 ने गेलो तर किलोमीटरला 40 वॅट-तास (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट) लागतात, 80 ने 55, आणि 100 ने 80 च्या घरात. दहा युनिटच्या बॅटरीत म्हणजे अडीचशे किलोमीटर, एकशे ऐंशी किंवा सव्वाशे. गाडी तीच, रस्ता तोच. फरक फक्त मनगटाचा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, हे शाळेत शिकलेलं वाक्य मला सातारा रस्त्यावर बॅटरीचा काटा बघताना कळलं.

यातली गंमत अशी की ग्रुपमधले सगळे घाटाची भीती घालतात. ‘हायवेला ठीक आहे हो, पण घाट कसा चढणार?’ हिशोब करून बघा. गाडी आणि मी मिळून 290 किलो. कोकणातून ताम्हिणी चढून पुण्याच्या पातळीला यायचं म्हणजे ढोबळमानाने 600 मीटर उंची. एवढं वजन तेवढं वर उचलायला लागणारी ऊर्जा अर्धा युनिटसुद्धा नाही. मोटरमधली गळती धरली तरी अर्ध्या युनिटच्या जरा वर. घाटात वेग कमी असतो, त्यामुळे वाऱ्याचं खाणंही कमी. म्हणजे घाट इलेक्ट्रिकचा शत्रू नाहीच. सहापदरी सरळ रस्त्यावर पुढच्या 650 सीसीच्या इंटरसेप्टरच्या मागे 105 ने पळत राहणं, हा खरा शत्रू.

म्हणून ग्रुपबरोबर जाताना पहिली बोलणी वेगाची करा आणि ती आदल्या रात्री करा, टोलनाक्यावर नाही. खरं तर जुन्या बुलेटवाल्यांबरोबर तुमचं छान जमेल. कास्ट आयर्नची बुलेट 70-75 ला सुखात असते आणि तुमची गाडीही. अडचण येते ती ताफ्यातल्या 650 वाल्यांची. त्यांना पुढे जाऊ द्या, नाश्त्याला भेटा. मागे पडलो म्हणून मूठ पिळून गाठायला गेलात की तिथेच संध्याकाळचे चाळीस किलोमीटर जातात.

चार्जिंगबद्दल मी सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या आणि शिकलोही तिथेच. हायवेवरच्या मोठ्या हॉटेलांत जे चार्जर दिसतात ते बहुतेक मोटारींचे असतात. तुमच्या गाडीला तो प्लग बसतो का, हे घेण्याआधी विचारा, आणि विक्रेत्याला नाही, ती गाडी वापरणाऱ्याला विचारा. नाहीच बसला तर आधार 15 अँपिअरच्या साध्या पॉइंटचा, म्हणजे ढाब्यावर जिथे डीप फ्रीजर किंवा गीझर लावतात तो. इथे खरी अडचण विजेची नसते, अर्थिंगची असते. कितीतरी ढाब्यांवर तिसऱ्या भोकात वायरच नसते. फ्रीजला चालतं, पण चांगला चार्जर अर्थिंग नसेल तर लाल दिवा दाखवून बसून राहतो. मालक म्हणतो, ‘साहेब, आमच्या पॉइंटला काही नाही, तुमचीच गाडी बिघडलीय.’ दोघंही आपापल्या जागी बरोबर. मी खिशात तीन दिव्यांचा छोटा टेस्टर ठेवतो. तो आधी पॉइंटला लावायचा, चार्जर नंतर काढायचा.

सोबत दहा मीटरची एक्स्टेन्शन हवी, पण ती बाजारात मिळणारी लाल-पिवळी पातळ वायर नको. अडीच स्क्वेअर एमएमची, तांब्याची, इलेक्ट्रिशियनकडून बनवून घ्या. आणि वापरताना पूर्ण उलगडा. गुंडाळी तशीच ठेवून तासभर करंट ओढला की वायर गरम होते, कव्हर मऊ पडतं. एकदा वास आला म्हणून मी धावत गेलो, तोवर गुंडाळी चिकटली होती. ढाबेवाल्याला पैसे न मागता द्या. मी युनिटला वीस रुपये धरतो आणि वर दोन चहा जास्त घेतो. पुढच्या वेळी तोच माणूस लांबून ओळखतो आणि फ्रीजरचा प्लग स्वतः काढून देतो.

कोकणात आणखी एक गोष्ट: लाइट. पहिल्या पावसाळ्यात दिवेआगरला गेलो होतो. ताम्हिणी-माणगावमार्गे साधारण 165 किलोमीटर, रमतगमत गेल्याने तीन युनिट शिल्लक होते. पोचल्यावर समुद्र, मग आंघोळ, मग जेवण. गाडी लावली रात्री दहाला. साडेदहाला लाइट गेली, ती आली पहाटे साडेपाचला. सात वाजता सगळे निघायला तयार आणि माझ्या बॅटरीत जेमतेम सहा युनिट. मी म्हटलं, तुम्ही निघा, मी माणगावला भरून येतो. बाकीचे निघाले, पण आमच्यातले एक काका थांबले. साठी उलटलेली, बुलेटवरच संसार केलेला माणूस. माणगावला दोन तास आम्ही एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलो आणि त्यांनी एकदाही मिक्सर हा शब्द काढला नाही. घाट चढताना मात्र म्हणाले, ‘हे तर चढतंय की.’ त्या दिवसापासून माझा नियम ठरला: समुद्र नंतर, प्लग आधी. हेल्मेट डोक्यावर असतानाच गाडी चार्जिंगला लावायची. मग कितीही वेळ लाइट जाऊ दे.

महाबळेश्वरसाठी याच्या उलट एक सूचना, जी मला कोणी सांगितली नव्हती. वर हॉटेलात रात्रभर लावून सकाळी पूर्ण 100 टक्के करून उतरू नका. मूठ सोडल्यावर गाडी आपोआप मंदावते आणि ती ऊर्जा बॅटरीत जाते, हे तुम्हाला माहीत असेलच. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती ऊर्जा जायला जागाच नसते. मग गाडी मूठ सोडल्यावर मंदावतच नाही, सायकलसारखी घरंगळते. पसरणीचा घाट उतरताना पहिल्याच वळणावर पोटात गोळा आला होता. नव्वद टक्क्यांवर प्लग काढा. उतरताना ती आपोआप चार-दोन टक्के भरते आणि ब्रेकही थंड राहतात.

ताफ्यात चालवण्याची सवयही थोडी बदलावी लागते. बुलेट मूठ सोडल्यावर हळूहळू मंदावते, मागच्याला आवाजावरून अंदाज येतो. तुमची गाडी मूठ सोडताच झपकन मंदावते, आवाज नाही, आणि काही गाड्यांत ब्रेक न दाबता मागचा लाल दिवाही लागत नाही. तुमच्या गाडीत लागतो का, हे घरच्या भिंतीसमोर अंधारात तपासा. नसेल लागत तर मूठ सोडताना ब्रेकला बोट नुसतं टेकवायची सवय लावा आणि मूठ सोडल्यावर आपोआप लागणाऱ्या ब्रेकिंगची पातळी सगळ्यात कमी ठेवा. तुमच्या मागे नवा माणूस देऊ नका असं राइड लावणाऱ्याला स्पष्ट सांगा.

दुसरं, तुम्ही बाजूला आलात हे कोणाला कळत नाही. ताफ्यातली माणसं आरशापेक्षा कानावर जास्त चालतात, ते स्वतः मान्य करत नाहीत, पण चालतात. ओव्हरटेक करताना हॉर्न द्या, संकोच नको. खेड्यांतून जाताना तर बायका, पोरं, म्हशी, कोंबड्या कोणालाच तुमचा पत्ता नसतो. कुत्री मात्र पाठलाग करत नाहीत. याचं कारण मला अजून कळलेलं नाही, पण अनुभव सुखाचा आहे.

टपरीवर गाडी उभी केलीत की किल्ली बंद आणि खिशात. हे वाक्य पाठ करा. बाइकवाल्याची एक जुनी खोड असते: दुसऱ्याच्या गाडीवर बसलं की हात आपोआप मुठीकडे जातो आणि ती पिळली जाते. बंद बुलेटवर काहीच होत नाही आणि चालू बुलेट न्यूट्रलला नुसती गुरगुरते. माझी गाडी चालू होती, स्टँड वर होता, मी शेजारी उभा राहून फुशारक्या मारत होतो. मित्र बसला, गाडी बंद आहे असं समजून त्याने मूठ पिळली आणि तो गाडीसकट उसाच्या रसाच्या गाड्याखाली गेला. माणसाला खरचटलं, गाडीचा आरसा आणि इंडिकेटर गेला, रसवाल्याला बाराशे रुपये द्यावे लागले. चूक पूर्ण माझी. आजही ग्रुपमध्ये माझ्या गाडीजवळ कोणी गेलं की मागून कोणीतरी ‘रस पिणार का?’ म्हणून ओरडतं.

आता ज्या गोष्टीची मला खरोखर चुटपुट लागते ती सांगतो. आवाजाची नाही लागत. जुन्या बुलेटवाल्यांची दोस्ती रस्त्याच्या कडेला झालेली असते. कोणाची क्लच वायर तुटते, कोणाचा स्पार्क प्लग काळा होतो, कोणाच्या इग्निशनच्या पॉइंटमध्ये काजळी धरते. मग एक जण पाना काढतो, दुसरा पॉलिश पेपर, तिसरा नुसता सल्ले देतो आणि चौथा चहा सांगून येतो. तासाभराने गाडी चालू झाली की त्या चौघांचं नातं पुढची वीस वर्षं टिकतं. तुमच्या गाडीत त्यातलं काहीच नाही. ती बंद पडत नाही, आणि पडलीच तर स्क्रीनवर एक आकडा येतो आणि पाना घेऊन बसलेल्यांना करण्यासारखं काही उरत नाही. माझी एकदा वाईजवळ अशीच मुकी झाली. पाच अनुभवी माणसं भोवती उभी, एकालाही हात लावता येईना. शेवटी छोटा हत्ती बोलावून पुण्याला आणली. सॉफ्टवेअर नव्याने टाकल्यावर दहा मिनिटांत चालू झाली. त्या रात्री मला अपमान वाटला नाही, एकटं वाटलं.

त्यावर मला सापडलेला उपाय असा की, दुसऱ्यांच्या दुरुस्तीत माझी जागा मी राखली. माझ्या बॅगेत इलेक्ट्रिकला न लागणारी क्लच वायर, प्लग आणि पाने अजून असतात. पंक्चरचं किट आणि हवा भरायचा पंप तर तुम्हालाही लागेलच. शिवाय मी आता ताफ्यात सगळ्यात मागे राहतो. गाडी गप्प असल्यामुळे मला पुढच्यांच्या गाड्या ऐकू येतात. कोणाची चेन सैल झालीय, कोणाच्या पुंगळीचा बोल्ट खडखडतोय, कोणाचे टॅपेट वाजतायत, ते त्यांना स्वतःच्या धडधडीत कळत नाही, मला दोन किलोमीटरमध्ये कळतं. गेल्या हिवाळ्यात एकाचा मागच्या चाकाचा नट सुटत आलेला असाच ऐकून थांबवला. तेव्हापासून निघताना दोघं-तिघं म्हणतात, ‘जरा माझ्या मागे चालव रे, काही वाजतंय का बघ.’

पावसात घाबरू नका. बॅटरी चांगल्या दर्जाची असेल तर पाण्याने वाहणाऱ्या रस्त्याने काही होत नाही आणि इंजिनात पाणी ओढलं जायचा प्रश्नच नाही. फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर आणि ताम्हिणीतल्या लाल चिखलावर मूठ हळू. मोटर जोर लगेच देते, टायरला विचार करायला वेळ मिळत नाही. गाडीचं वजनही कमी नाही, क्लासिकच्या 195 किलोंच्या आसपासच या मोठ्या इलेक्ट्रिक गाड्या असतात, त्यामुळे घसरली तर उचलायला मित्र लागतातच.

गोव्याचं खरं सांगतो. पुण्याहून साडेचारशे किलोमीटर. एकदा इलेक्ट्रिकवर गेलो. ग्रुप पहाटे पाचला निघून दुपारी तीनला पोचला. मी आदल्या संध्याकाळी निघून कोल्हापूरला मुक्काम केला, सकाळी पूर्ण भरून निघालो आणि आंबोलीच्या अलीकडे दीड तास थांबून त्यांच्याआधी अर्धा तास पोचलो. मजा आली, पण तो माझा एकट्याचा प्रवास होता, ग्रुपची राइड नव्हती. त्यानंतर गोव्याला मी बुलेटच काढतो. तुमच्याकडे सध्याची बुलेट असेल तर ती लगेच विकू नका, वर्षभर दोन्ही ठेवा. आणि इलेक्ट्रिकची पहिली राइड रविवारच्या नाश्त्याची करा, जाऊन-येऊन शंभरच्या आत. त्या दिवशी ग्रुपमधल्या सगळ्यात कडव्या बुलेटवाल्याला मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवायला द्या. फक्त मूठ पिळण्याआधी गाडी चालू आहे हे त्याला सांगा.